कुसुम, तो फॉर्म मी भरला

कुसुम,

गेल्या सोमवारी शहापूरहून एका बाईचा फोन आला. ओळख ना पाळख, कुणीतरी तिला माझा नंबर दिला होता. "बाई, तुमी अंदमानला जाऊन आलात ना? आमी पोरांच्या सुट्टीत जातोय. काय न्यायचं, काय सांभाळायचं, जरा सांगाल काय?" तुझं तिला काही ठाऊक नव्हतं. मी भाकऱ्या थापत होते. गॅस बंद केला, हात धुतले आणि सांगायला बसले.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका. बोटीत बसायच्या तासभर आधी उलटीची गोळी घ्या. पोट रिकामं नको, तुडुंबही नको, आणि मळमळलं की लांब आकाश-पाणी मिळतं तिकडे बघत राहा. पाण्यात साडी नको, लवकर वाळणारा ड्रेस घ्या. पायात पट्ट्याची जाड चप्पल हवी, खालचं प्रवाळ सुरीसारखं कापतं. शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून आणू नका, विमानतळावर पोरांच्या दप्तरातूनसुद्धा काढून घेतात. मगरीची पाटी असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही पाय घालायचा नाही. सहाच्या आत मिट्ट काळोख होतो, म्हणून फिरणं तीनपर्यंत उरका. मोबाईलला रेंज नसते, घरचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी तुझ्याच आवाजात बोलत होते. मधेमधे "काय सांगते मी?" असं दरडावणंही तुझंच. ती म्हणाली, "लिहून घेतलं बाई सगळं. अजून काय?" मी म्हटलं, "नाही, एवढंच." फोन ठेवला. तासाभराने मीच तिला उलट फोन केला. "एक राहिलं. पाण्यात उतरायच्या आधी तिथे एक कागद भरून घेतात. त्यात आजार विचारतात. खरं लिहा." ती "हो हो" म्हणाली. ते मात्र तिने लिहून घेतलं नाही, हे मला आवाजावरून कळलं.

तू समुद्र फार पाहिलेली नव्हतीस. तरी दोन वर्षं तू या सहलीच्या मागे लागली होतीस. जो कुणी बेटावर जाऊन आला त्याला गाठून विचारायचीस. मग आम्हा अकरा जणींना खर्डीच्या देवळात बसवून शिकवायचीस, जशी आयुष्यभर वाड्यापाड्यांवरच्या बायकांना बाळाला दूध कसं पाजायचं ते शिकवलंस तशी. शेवटच्या बैठकीला तू बीपीचं मशीन घेऊन आलीस. "ज्याला जे काय असेल ते मला आत्ता सांगायचं. बीपी, शुगर, दमा, काय पण. लपवलंत तर तिकडं समुद्रात मी काय करू? तिथं काय माझा दवाखाना हाय?" एकेकीच्या दंडाला पट्टा बांधलास. सुलोचनाची छाती तपासलीस, तिचा दमा तुझ्या कानाला कळला आणि तू तिचं नाव यादीतून काढलंस. ती देवळाच्या पायरीवर बसून रडली. मला तिची दया आली. तू म्हणालीस, "रडू दे. घरी रडलेली बरी."

अकरा जणींचं मोजून झालं. तुझं कुणी मोजलं नाही. मशीन तुझं होतं, आणि नर्सबाईला आजार असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मला मात्र ठाऊक होतं.

श्रावणात शहापूरच्या बाजारात तू भाजी घेताना मटकन खाली बसली होतीस. मी तुला जवळच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, सिस्टर, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. ठाण्याला जाऊन नळी घालून तपासणी करून घ्या, उशीर करू नका. गोळ्याही लिहून दिल्या. तू "हो सर" म्हणालीस. खर्डीला परत येताना रिक्षात आपलं भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही.

"अंदमानहून आल्यावर जाते ठाण्याला."

"आधी जा. अंदमान कुठे पळून जातंय?"

"पळतंय गो. साठीनंतर तिकडे पाण्याखाली उतरू देत नाय. मला जूनमध्ये साठ पुरी होतात. आणि एकदा त्यांनी नळी घातली की मग हे नको, ते नको. मी नर्स हाय, मला नाय माहीत?"

"तुझ्या पोराला सांगते मी, निलेशला."

तू माझा हात घट्ट धरलास. "निलेशला सांगितलंस तर आपला संबंध संपला, विमल."

मी गप्प बसले. तू हसलीस आणि म्हणालीस, "बघ, तू कुणालाच नाय म्हणत नायस. म्हणून तर तुझ्याशी जमतं." तेव्हा ते मला बोचलं होतं. आता ते सारखं कानात वाजतं.

तुला मी नाही कशी म्हणणार होते, कुसुम? वैशाखऱ्याच्या शाळेत आपण दोघी एका बाकावर. दहावी झाल्यावर माझ्या बाबांनी मुरबाडच्या स्थळाला होकार दिला होता. तू, सतरा वर्षांची पोरगी, आमच्या ओटीवर येऊन उभी राहिलीस. "काका, मी नर्सिंगला चाललेय. विमल माझ्यापेक्षा हुशार हाय. तिला मास्तरीण करा. लग्न काय, दोन वर्षांनी पण होतंय." बाबा चिडले. तू चार दिवस रोज आलीस. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, या पोरीला एकदाची गप्प करा, आणि माझा फॉर्म भरला गेला. माझी छत्तीस वर्षांची नोकरी त्या ओटीवरून सुरू झाली. नंतर योगायोगाने तुझीही बदली खर्डीला झाली. निलेश आठ वर्षांचा असताना तुझे यजमान गेले. त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला मी शिकवलं होतंच. तू लांबच्या पाड्यावर गेलीस की तो माझ्याकडे जेवायचा. मला मावशी म्हणायचा.

सिद्धगडाच्या वाडीवर गोवर आला होता तेव्हाचं आठवतं. तुझी मदतनीस आजारी, म्हणून सुट्टीच्या दिवशी तू मला ओढून नेलंस. खांद्याला लसीचा डबा, आत बर्फ, आणि बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं. मी दर वळणावर बसत होते. तू मागे वळून ओरडायचीस, "बस तू. बर्फ तुझ्यासाठी थांबतोय!" वर एका घरात तापाने फणफणलेली मुलगी होती. तू तिला पाठीवर बांधलंस आणि तशीच गड उतरलीस. खाली आल्यावर तुझ्या पावलांतून रक्त येत होतं. ती मुलगी जगली. तुझ्या दहाव्याला आली होती, कडेवर तिचं मूल होतं. तुला हे सांगायला हवं होतं म्हणून लिहिते.

त्याच दिवशी उतरताना तू म्हणाली होतीस, "आयुष्यभर वरच चढतेय गो. एकदा कुठंतरी खाली उतरायचंय." मी विनोद समजले. पुढे कधीतरी तू फोनवर कुणाचं तरी चित्रण पाहिलंस. आपल्या वयाची बाई, डोक्यावर काचेचा मोठा टोप, आणि समुद्राच्या तळावर ती चालतेय. आजूबाजूला पिवळे मासे. टोपात वरून नळीने हवा येते, पोहता यावं लागत नाही. तू ते मला इतक्या वेळा दाखवलंस की मला त्या बाईचा चेहरा पाठ झाला.

जानेवारीच्या शेवटी आपण निघालो. विमान सुटलं तेव्हा तू खिडकीला नाक लावून बसलीस ती मुंबई दिसेनाशी होईपर्यंत हलली नाहीस. पोर्ट ब्लेअरला दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी मोठ्या बोटीने दुसऱ्या बेटावर जायचं होतं. सकाळी मी माझ्या गोळ्या घेतल्या आणि तुझ्याकडे बघितलं. तू डबी उघडलीच नाहीस.

"तुझी?"

"आज नाय. ती घेतली की सारखं जायला लागतं. बोटीवर संडास कुठं शोधत बसू?"

"काल पण नव्हती घेतलीस."

"काल पण बोट होती."

हे तू इतरांना करू दिलं असतंस का? कातडं सोलून काढलं असतंस. मी मात्र बॅग उचलली. बोटीवर तू इतकी खूश होतीस. वाऱ्याने तुझे पांढरे केस उडत होते आणि तू सगळ्यांना आल्याचे तुकडे वाटत फिरत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्या किनाऱ्यावर गेलो. पाण्याखाली नेणारा माणूस होता आलोक, चाळिशी ओलांडलेला, उन्हाने काळवंडलेला, हळू बोलणारा. आपल्यातल्या तिघी उतरणार होत्या. त्याने सगळ्यांना कागद दिले. तू पिशवी चाचपलीस. चष्मा हॉटेलवर राहिला होता. चष्मा, गोळ्या, सगळं त्या एकाच लहान पिशवीत होतं आणि ती पिशवी पलंगावर होती. तू कागद माझ्यापुढे सरकवलास. "तू भर. तुझं अक्षर चांगलं हाय."

नाव लिहिलं, वय लिहिलं. मग खाली प्रश्न होते, इंग्रजीत, एकाखाली एक. दमा, फिट येणं, कानाचा त्रास. मी 'नो' लिहीत गेले. मग रक्तदाब. मग हृदयविकार. मी पेन थांबवलं.

"कुसुम, हे विचारतायत."

"नाय लिही."

"कुसुम."

"विमल, मी इथपर्यंत आलेय. पंचवीस पावलांवर समुद्र हाय. नाय लिही आणि दे मला सही करायला."

आलोक जवळ आला. त्याने कागद घेतला, वाचला आणि तरीही तोंडाने विचारलं, "दीदी, बीपी, हार्ट, कुछ है क्या? दवाई चालू है?" तू त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "मैं खुद नर्स हूँ भैया. कुछ नहीं है." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे पाहिलं.

तू उतरलीस. वर बसून मला फक्त पाणी आणि त्या नळ्या दिसत होत्या. वीस मिनिटं मी एका नळीकडे बघत बसले, तीच तुझी हे मला कसं कळलं होतं कोण जाणे. तू वर आलीस, टोप काढला, आणि तुझा चेहरा, कुसुम. मी तुला सातव्या वर्षापासून ओळखते. असा चेहरा मी तुझा लग्नात पाहिला नाही, निलेश झाला तेव्हाही पाहिला नाही. "एक मासा माझ्या हातावर बसला गो. बसला! पाखरू बसतं तसा." तू हे तीनदा सांगितलंस. मला वाटलं, चला, झालं. लिहिलं ते बरंच केलं. अर्धा तास मी असं मानून सुखात होते.

किनाऱ्यावर झाडाखाली आपण शहाळं घेतलं. तू दोन घोट प्यायलीस आणि बाजूला ठेवलंस. जबडा चोळायला लागलीस. मग तू उजव्या हाताने डावं मनगट धरलंस आणि घड्याळाकडे बघायला लागलीस. हजारो लोकांची धरलीस तशी स्वतःची नाडी धरलीस. तुझे ओठ हलत होते, तू मोजत होतीस. कपाळावर घाम आला होता. मिनिट झाल्यावर तू अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणालीस, "विमल, गाडी बघ. पळू नको. मला झोपव आधी."

फोनला रेंज नव्हती. मी ओरडले. आलोक धावत आला, त्याने तुला बघितलं आणि एक शब्द न विचारता आपली लहान बोट काढली. त्याने आणि दोन नावाड्यांनी तुला चादरीत उचललं. त्याच्याकडे प्राणवायूची नळकांडी होती, ती त्याने तुझ्या तोंडाला लावली. बोट उसळत होती. तू छातीवर हात दाबून धरला होतास आणि तुझ्या घशातून आवाज येत होता. पाऊण तास लागला. बेटावरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जे करायचं ते सगळं केलं. मी दाराबाहेर उभी होते. चार वाजून गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. खिडकीबाहेर अजून ऊन होतं. तू सांगितलं होतंस तसं ते लगेच गेलं.

तुझ्या देवळातल्या बैठकीत एक गोष्ट नव्हती. बेटावर माणूस मेलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आता मला ते सगळं येतं. पोलिसांत नोंद करावी लागते. पोर्ट ब्लेअरपर्यंत बोटीने न्यावं लागतं. शवविच्छेदन होतं. शरीर टिकावं म्हणून त्यात रसायन भरावं लागतं आणि तसा दाखला लागतो. पेटी लागते. पेटीवर नाव, वजन लिहितात. विमान कंपनी सामानाच्या खिडकीवर पावती देते. गेलेल्या माणसाच्या आधार कार्डाच्या प्रती लागतात, एक नाही, चार-पाच. तू प्रत्येकीला पाच-पाच प्रती आणायला लावल्या होत्यास. तुझ्या तुझ्याच कामी आल्या.

पोलिसांनी मला विचारलं, "इनको कोई बीमारी थी?" आणि मी म्हटलं, "मालूम नहीं."

तुला दिलेला शब्द पाळला असं मला म्हणता येईल. पण ते खरं नाही. मी घाबरले होते. त्या कागदावर माझं अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी निलेश पोर्ट ब्लेअरला आला. कल्याणहून निघून, दोन विमानं बदलून, पायात घरातल्या सपाता. तुला बघून तो बाहेर आला आणि बाकावर बसलेल्या आलोकची त्याने कॉलर धरली. "साठ साल की औरत को पानी में उतारा तूने! पूछा भी नहीं!" आलोकने हात वर केले नाहीत. "पूछा था भैया. उन्होंने बोला, नर्स हूँ, कुछ नहीं है."

"मेरी माँ झूठ नहीं बोलती," निलेश म्हणाला आणि साक्षीला माझ्याकडे वळला. "मावशी, सांग याला."

मी मान खाली घातली. निलेशला तो होकार वाटला. आलोकला बरोबर कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तुला खर्डीला आणलं तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंत माणसं उभी होती. तू ज्यांच्या बाळंतपणाला धावली होतीस त्या बायका, त्यांच्या लेकी, त्यांच्या नाती. सुलोचना सगळ्यात पुढे होती. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तिनं मला वाचवलं गो, आणि स्वतः गेली." मला तिला बाजूला ढकलावंसं वाटलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी निलेशने मला घरी बोलावलं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या त्या बसक्या स्टुलावर बसून त्याने मला मोबाईल दाखवला. पोलिसांकडून त्याने त्या फॉर्मची प्रत मिळवली होती. "बघ मावशी. हे आईचं अक्षर नाय. सही तेवढी तिची. म्हणजे कोऱ्या कागदावर सही घेतली आणि आजार नाय म्हणून यांनी मागनं भरलं. खोटा कागद केलाय. मी तक्रार केलीय, वकिलाला विचारलंय, त्या माणसाला आत घालता येईल."

त्याला अक्षरं मी शिकवली. माझं मराठी अक्षर त्याने अंधारातही ओळखलं असतं. इंग्रजी कधी बघितलं नव्हतं.

चहा न घेता घरी आले. घरी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "गप्प बस. गेलेली बाई परत येत नाय. पोराला आई गेली, आता मावशी पण घालवतेस काय?" मी म्हटलं, "आणि तो माणूस?" ते म्हणाले, "तो कोण आपला?"

रात्रभर बोटीतला तुझा तो आवाज कानात होता आणि डोळ्यांसमोर आलोकचे दोन्ही हात तुझ्या डोक्याखाली, बोट आपटली की तुला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेले. निलेश दाढी करत होता. मी उभ्यानेच म्हटलं, "ते अक्षर माझं आहे. आईला चष्मा नव्हता. तिने सांगितलं आणि मी भरलं. तिला हृदयाचा त्रास होता. शहापूरच्या डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं होतं. मला माहीत होतं, आणि गोळ्या घेत नव्हती हे पण माहीत होतं."

त्याने फेस पुसला नाही. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मला सांगितलं नायस."

"तिने नको म्हटलं होतं."

"तिनं विष दे म्हटलं असतं तर दिलं असतंस?" त्याचा आवाज वाढला नाही. "जा मावशी. आत्ता जा."

मी घरी आले आणि पोलिसांना पत्र लिहिलं. काय विचारलं होतं, काय लिहिलं, कुणी लिहिलं, आलोकने तोंडाने विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस, सगळं. माझा पहिला जबाब खोटा होता हेही. शहापूरच्या मोठ्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, खर्डीच्या पोस्टात सगळे ओळखीचे म्हणून. एक प्रत आलोकला पाठवली. आठवड्याने त्याचा फोन आला. त्याचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला होता, तो मेव्हण्याच्या सुपारीच्या बागेत कामाला जात होता. आभार मानायला फोन केला होता त्याने. मला कुठे तोंड लपवू असं झालं. शेवटी तो म्हणाला, "दीदी, आपकी नज़र नीचे गई थी. मैंने देखा था. मुझे दोबारा पूछना चाहिए था." तोही स्वतःला दोष देत बसलाय, कुसुम. पाण्यात उतरलीस तू, आणि निलेश, आलोक, मी, आम्ही तिघं अजून वर आलेलो नाही.

मला तुझा राग येतो. हे मी कुणाला सांगत नाही. तू आमच्या सगळ्यांची आयुष्यं तपासलीस, दटावलंस, वाचवलंस, आणि तुझं एक वाचवायची पाळी आली तेव्हा आमचे हात बांधलेस. मग तो तुझा वर आल्यावरचा चेहरा आठवतो आणि राग टिकत नाही. मग माझा येतो. 'यस' लिहायला 'नो'पेक्षा एकच अक्षर जास्त लागलं असतं. तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस. रस्त्यात दिसलीस की तोंड फिरवलं असतंस. ते मी सहन केलं असतं का? तेव्हा वाटलं, नाही. आता वाटतं, रोज सकाळी तुझं ते फिरवलेलं तोंड बघायला मिळालं असतं.

काल दुपारी निलेश आला. महिन्याभराने. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "तक्रार मागे घेतली. त्या माणसाला फोन पण केला." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तुला माफ केलं असं समजू नको. तो खरं बोलला होता, म्हणून घेतली."

"बरं केलंस," मी म्हटलं.

तो जायला वळला, पायरी उतरला आणि तिथेच थांबला. पाठमोराच म्हणाला, "मावशी, तिला दुखलं काय गो?"

इतके दिवस भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला हेच विचारलंय आणि प्रत्येकाला मी सांगितलंय, नाही, झोपेत गेल्यासारखी गेली. ते उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. त्याचा पाठीमागचा सदरा घामाने भिजला होता. लहानपणी शाळेतून धावत यायचा तसा.

"हो," मी म्हटलं. "दुखलं. खूप दुखलं. बोटीत पाऊण तास."

तो पायरीवर बसला. मग त्याने सगळं विचारलं. तू कुठे बसली होतीस, पाणी मागितलंस का, डोळे उघडे होते का, डोकं कुणाच्या मांडीवर होतं. मी खाली त्याच्या शेजारी बसले आणि एकेक सांगत गेले. उन्हं उतरली तरी तो विचारत होता. शेवटी त्याने विचारलं, तू त्याचं नाव घेतलंस का.

घेतलं नव्हतंस, कुसुम. तेही मी त्याला सांगितलं.